वोडनचा वार

कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी, आज जिथे ऑस्ट्रियातलं ब्रेगेन्झ शहर आहे तिथे, इ.स. ६१०च्या सुमारास सुएबी जमातीची काही माणसं बिअरने भरलेल्या एका भल्यामोठ्या पिंपाभोवती जमली होती. कोलंबानुस नावाचा आयरिश साधू तिथे येऊन पोचला. उतारवयातला, तापट, राजाशी भांडून हद्दपारी ओढवून घेतलेला माणूस. हे काय चाललंय, असं त्याने विचारलं. आमच्या वोडान देवाला नैवेद्य, असं उत्तर आलं. कोलंबानुस पुढे झाला आणि त्याने पिंपावर फुंकर मारली. पिंप कडाडून फुटलं, बिअर मातीत वाहून गेली. देवाचा प्रसाद असा धुळीला मिळाल्यावर माणसं चिडतील अशी आपली अपेक्षा. पण ती थक्क होऊन म्हणाली, या बाबाची फुंकर भलतीच जबरदस्त आहे, पट्ट्यांनी आवळलेलं पिंप फोडते!

ही हकीकत लिहिली योनास नावाच्या भिक्षूने, कोलंबानुसच्या मृत्यूनंतर पाव शतकाने. संतचरित्रात चमत्कार असायचेच. त्या फुंकरीवर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण योनासने जाता जाता एक माहिती दिली आहे, आणि आपल्याला हवी आहे ती तेवढीच. हा वोडान म्हणजे, तो सांगतो, इतर लोक ज्याला मर्क्युरी म्हणतात तोच.

मर्क्युरी हा रोमन लोकांचा देव, आणि त्यांच्या आकाशातला बुध ग्रहही तोच. वोडान हा ऱ्हाईन नदीपलीकडच्या जर्मानिक टोळ्यांचा देव. इंग्लंडात गेलेल्या टोळ्या त्याला वोडन म्हणत, उत्तरेकडचे लोक ओडिन. या दोघांना कुणीतरी, कधीतरी एकाच पारड्यात तोललं म्हणून इंग्रजी बुधवार ‘वेन्झडे’ झाला. जुन्या इंग्रजीत तो ‘वोड्नेसडॅग’ होता, वोडनचा दिवस. मराठी शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलं त्याचं स्पेलिंग ‘वेड-नेस-डे’ असं तोडून घोकत आली आहेत. हा घोकलेला उच्चार हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजाला आजच्या लंडनकराच्या उच्चारापेक्षा जवळचा वाटला असता.

आता प्रश्न असा, की पुण्यात जो बुधाचा वार तोच रोममध्ये मर्क्युरीचा आणि इंग्लंडात वोडनचा कसा? तीन देश, तीन देव, आणि दिवस मात्र नेमका एकच. यामागे राजाज्ञा नव्हती, धर्माज्ञाही नव्हती. हे काम केलं ज्योतिषांनी.

रोमन लोकांना मुळात सात दिवसांचा आठवडा ठाऊकच नव्हता. त्यांचं बाजाराचं चक्र आठ दिवसांचं होतं आणि पंचांगात दिवसांसमोर ‘ए’पासून ‘एच’पर्यंतची अक्षरं ओळीने मांडलेली असत. सात दिवसांची मोजणी ज्यूंकडे होती, पण त्यांचे वार क्रमांकाचे. नाव होतं ते फक्त शब्बाथला. ग्रहांच्या नावांचे सात वार ही तिसरीच गोष्ट. ग्रहांचं फलित पाहण्याची परंपरा बाबिलोनची, दिवसाचे चोवीस भाग करण्याची पद्धत इजिप्तची, आणि ग्रहांना अंतराप्रमाणे एकावर एक रचण्याची कल्पना ग्रीकांची. या तिन्हींची गाठ पडली ती बहुधा अलेक्झांड्रियात. तिथून हे प्रकरण इटलीत पोचलं तेव्हा कुणी त्याचा गाजावाजा केला नाही. व्हेसुव्हियसच्या राखेखाली इ.स. ७९मध्ये गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या एका भिंतीवर कुणीतरी देवांचे दिवस म्हणून ओळीने नावं खरडून ठेवलेली सापडली: शनी, सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र. यादी शनीपासून सुरू होते, कारण ज्योतिषांच्या लेखी पहिला मान सर्वांत दूरच्या ग्रहाचा.

या यादीचा क्रम कुठून आला? आकाशात तर ग्रह असे नाहीत. पृथ्वीला मध्यभागी धरून दुरून जवळ येत गेलं तर प्राचीनांच्या हिशेबाने क्रम लागतो शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. वारांमध्ये मात्र शनीनंतर रवी येतो, रवीनंतर सोम. प्लूटार्कसारख्या बहुश्रुत माणसालाही हे कोडं पडलं होतं. त्याने या विषयावर केलेलं लेखन पुढे हरवलं. इ.स.च्या तिसऱ्या शतकात कासियुस दियो या इतिहासकाराने जे दोन उलगडे सांगितले, त्यांतला दुसरा आपल्याकडच्या कुठल्याही ज्योतिषाला तोंडपाठ असतो. दिवसाचे चोवीस होरे करायचे, प्रत्येक होरा वरच्या क्रमाने एकेका ग्रहाला द्यायचा, आणि पहिला होरा ज्याचा, दिवस त्याचा. बुधवार घ्या. पहिला होरा बुधाचा, दुसरा चंद्राचा, तिसरा शनीचा, असं करत आठवा, पंधरावा आणि बाविसावा पुन्हा बुधाकडे येतात. तेविसावा चंद्राचा, चोविसावा शनीचा, आणि पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, गुरूचा. म्हणून बुधवारनंतर गुरुवार. चोवीसला सातने भागलं की तीन उरतात, एवढ्यावर हा सारा डोलारा उभा आहे.

‘होरा’ हा शब्दही ग्रीकांचाच, तास या अर्थाचा. संस्कृत ज्योतिषग्रंथांनी तो उचलला आणि त्याच्यासोबत ही मोजणीही आपल्याकडे मुरली. त्यामुळे मराठी पंचांगातला बुध आणि रोमन भिंतीवरचा मर्क्युरी एकाच जागी बसलेले दिसतात यात योगायोगाचा भाग नाही. दोघेही एकाच गणिताच्या उत्तरात आले आहेत.

पॉम्पेईच्या भिंतींवर आणखी एक गमतीदार नोंद आहे. तारीख ६ फेब्रुवारी, साल इ.स. ६०, चंद्राचा सोळावा दिवस, आणि वार म्हणून लिहिलंय ‘सूर्याचा’. आपल्या आजच्या साखळीने मागे मोजत गेलो तर तो दिवस रविवार नव्हे, बुधवार निघतो. लिहिणारा चुकला काय? एक उलगडा असा, की तो दिवसाला नाव देताना सकाळचा नव्हे तर संध्याकाळचा होरा पाहत असावा. बुधवारी सकाळपासून बारा होरे मोजून संपवले की तेरावा, म्हणजे रात्रीचा पहिला होरा, बरोबर रवीचा येतो. करून पाहा. भिंतीवर खरडणाऱ्या त्या माणसाचं गणित कदाचित पक्कं होतं, फक्त त्याचा दिवस वेगळ्या टोकाने सुरू होत होता.

रोमन फौजांबरोबर हे सात वार उत्तरेला, ऱ्हाईनच्या सरहद्दीवर गेले. सरहद्द म्हटली की आपल्याला एकमेकांवर भाले रोखून उभे असलेले लोक दिसतात, पण तिथला रोजचा व्यवहार घोडे, कातडी, मीठ, दारू आणि पगार यांचा होता. पलीकडच्या टोळ्यांतले तरुण रोमन सैन्यात भरती होत. ते आपले देव बरोबर आणत आणि रोमन लिपीत, रोमन देवांच्या नावाखाली त्यांच्या वेदी उभारत. इंग्लंडच्या उत्तरेला हेड्रियनच्या भिंतीलगत हाउसस्टेड्स नावाचा किल्ला आहे. तिथे १८८३मध्ये सापडलेल्या एका वेदीवर फ्रिसियन सैनिकांनी ‘मार्स थिंक्सुस’ या देवाला नवस फेडल्याचं कोरलं आहे. मार्स हा रोमन युद्धदेव आणि त्याच्या मागे लावलेलं ‘थिंक्सुस’ हे त्यांच्या जमातसभेच्या शब्दावरून आलेलं बिरुद. जर्मन भाषेतला मंगळवार, ‘डीन्सटाग’, याच बिरुदातून निघाला. वेदी तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातली आहे. वारांची भाषांतरं झाली ती अशा वातावरणात, छावण्यांत आणि बाजारांत, बहुधा याच शतकात किंवा त्याच्या पुढच्या शतकात. पंडितांची समिती बसली असती तर काम एवढं एकसारखं झालं नसतं: सूर्य आणि चंद्र जसेच्या तसे ठेवले, मार्सच्या जागी टीव, मर्क्युरीच्या जागी वोडन, जुपिटरच्या जागी मेघगर्जनेचा देव थोर, व्हीनसच्या जागी फ्रिग. शनीला मात्र जोड मिळाली नाही. म्हणून इंग्रजी शनिवार आजही रोमनच आहे, सॅटर्नचा.

यातली मर्क्युरी आणि वोडन ही जोडी पहिल्या नजरेला विचित्र वाटते. जुपिटर हा रोमनांचा देवाधिदेव. जर्मानिक टोळ्यांमध्ये तो मान वोडनचा. मग त्याची बरोबरी जुपिटरच्या निरोप्याशी का करायची? रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८मध्ये जर्मानिक लोकांवर जो छोटा ग्रंथ लिहिला त्यात तो नोंदवतो, की हे लोक सर्वांत जास्त भजतात ते मर्क्युरीला, आणि ठरावीक दिवशी त्याला नरबळीही देतात. नरबळी मागणारा मर्क्युरी रोममध्ये कुणी पाहिला नव्हता. टॅसिटस अर्थातच वोडनबद्दल बोलत होता. दोघांमधलं साम्य हुद्द्यात नव्हतं, वागण्यात होतं. दोघेही भटके, डोक्यावर रुंद कडांची टोपी आणि हातात काठी किंवा भाला घेऊन फिरणारे. दोघांनाही मेलेल्यांच्या वाटा ठाऊक. मर्क्युरी आत्म्यांना पाताळात पोचवतो, वोडन रणात पडलेल्या वीरांना आपल्या दालनात घेतो. मर्क्युरी शब्दांचा आणि चतुराईचा देव, वोडन मंत्रांचा आणि गूढ अक्षरांचा. सरहद्दीवरच्या शिपायाला एवढं पुरे होतं.

या भाषांतरात नात्यांची जी गडबड झाली ती पुढे एका इंग्रज भिक्षूला चांगलीच खुपली. रोमन पुराणात मर्क्युरी हा जुपिटरचा मुलगा. उत्तरेकडच्या पुराणात ओडिन हा थोरचा बाप. म्हणजे बुधवार हा गुरुवारचा मुलगा की बाप? आपल्याकडे तर तिसराच घोळ. बृहस्पतीची पत्नी तारा हिला चंद्राने पळवलं आणि त्यातून बुध जन्मला. तो बृहस्पतीच्या बायकोचा मुलगा, पण बृहस्पतीचा नव्हे. शेजारी बसलेल्या या दोन वारांचं नातं जगात कुठेही सरळ नाही.

पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन आणि ज्यूट लोक समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आले तेव्हा त्यांच्या बोलीत ही वारांची नावं आधीच रुळलेली असावीत. वोडनला त्यांनी जमिनीवरही बसवलं. वेस्ट मिडलंड्समध्ये वेन्झबरी आणि वेन्झफील्ड ही गावं आहेत. त्यांच्या नावांचा वाराशी संबंध नाही, ती थेट देवावरून पडली. विल्टशरमधून जाणारी मातीची लांबच लांब तटबंदी ‘वॉन्सडाइक’, म्हणजे वोडनचा बांध. तिच्यापासून जवळच एक प्राचीन दफनटेकडी आहे, जुन्या बखरीत तिचं नाव वोडनची टेकडी. ५९२ आणि ७१५ अशा दोन लढायांच्या नोंदी तिच्या नावावर आहेत. आज तिला ‘अ‍ॅडम्स ग्रेव्ह’ म्हणतात, आदमाची कबर. देव गेला आणि त्याच्या जागी बायबलमधला आद्यपुरुष आला.

नेमकी हीच अदलाबदल राजांच्या वंशावळींतही झाली. ५९७मध्ये रोमहून ऑगस्टीन नावाचा धर्मप्रचारक केंटच्या किनाऱ्यावर उतरला. ज्या एथेलबर्ट राजाला तो बाप्तिस्मा द्यायला आला, तो स्वतःला हेंगिस्ट नावाच्या मूळपुरुषाचा वंशज मानत असे, आणि बीड या भिक्षूने ७३१मध्ये लिहून पूर्ण केलेल्या इतिहासात हेंगिस्टची वंशावळ चार पिढ्या मागे जाऊन वोडनला भिडते. बीड पुढे म्हणतो, की अनेक प्रांतांची राजघराणी आपलं मूळ याच वोडनपाशी नेतात. धर्मप्रचारकापुढे हा मोठा पेच होता. वोडन सैतान आहे असं ठणकावलं, तर राजा सैतानाचा नातू ठरतो. मग मधला मार्ग निघाला. वोडन देव नव्हताच, तो एक जुना पराक्रमी राजा होता, भोळ्या लोकांनी त्याला देव केलं. असं म्हटलं की वंशावळही शाबूत आणि धर्मही. नवव्या शतकातल्या वेसेक्सच्या बखरकारांनी त्यावर कळस चढवला. एथेलवुल्फ राजाच्या, म्हणजे आल्फ्रेड द ग्रेटच्या वडिलांच्या, वंशावळीत वोडनच्याही मागे आणखी पूर्वज जोडत जोडत ते नोहाच्या तारवात जन्मलेल्या एका मुलापर्यंत आणि तिथून थेट आदमापर्यंत गेले. वोडन आता आदमाचा पणतू-खापरपणतू. अशा गृहस्थाच्या नावाने एखादा वार असला तर बिघडलं कुठे?

मला वाटतं, इंग्रजी वारांना जीवदान मिळालं ते या तडजोडीमुळे. पोप ग्रेगरीने ६०१मध्ये मेलिटुस या प्रचारकाला पाठवलेलं पत्र बीडने जपून ठेवलं आहे. त्यात सूचना अशी, की या लोकांची देवळं पाडू नका. मूर्ती फोडा, पण इमारत राहू द्या, पवित्र पाणी शिंपडा आणि तिथेच आपली उपासना सुरू करा. ते बैल कापतातच, तर आता ते ख्रिस्ती सणाला कापून खाऊ देत. ज्या चर्चने देऊळ राहू दिलं, ते वाराच्या नावावरून कशाला भांडण काढेल?

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे वर उल्लेख केलेला, देवांच्या नात्यांची गडबड खुपलेला भिक्षू: एल्फ्रिक. दहाव्या शतकाच्या शेवटी डॉर्सेटमधल्या सर्न मठात बसून तो इंग्रजीत प्रवचनं लिहीत होता; १००५मध्ये तो एन्शमच्या मठाचा प्रमुख झाला. काळ कठीण होता. डेन्मार्कहून येणाऱ्या लुटारूंच्या टोळ्या दर वर्षी किनाऱ्यावर धडकत होत्या, आणि त्यांच्यातले काही अजून ओडिन-थोरला मानणारे. आपल्याच आजोबा-पणजोबांचे देव शत्रूच्या जहाजांतून परत येताहेत, अशी काहीशी ती परिस्थिती. ‘खोट्या देवांविषयी’ या प्रवचनात एल्फ्रिकने ग्रहवारांचा समाचार घेतला. मर्क्युरी हा लबाडीत आणि चोरीत मुरलेला माणूस होता, डेन लोक त्याला ओडिन म्हणतात, आणि चौथा दिवस त्याच्या नावे केला गेला. आणि हे अडाणी लोक थोर हा ओडिनचा मुलगा म्हणतात, जुन्या ग्रंथांत तर उलट लिहिलंय! पुराणं खोटी म्हणायची आणि त्याच पुराणांतलं नातं चुकलं म्हणून प्रतिपक्षाला कानपिचक्या द्यायच्या, हे एल्फ्रिकला विसंगत वाटलं नाही. हा स्वभाव आपल्याकडच्या शास्त्रार्थांतही पाहायला मिळतो.

पण खरी गंमत त्याच्या दुसऱ्या एका प्रवचनात आहे. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस म्हणजे राखेचा बुधवार. त्या दिवशी भाविकांच्या कपाळी राख लावायची आणि माणूस मातीतून आला, मातीत जाणार याची आठवण द्यायची. या पवित्र दिवसाबद्दल इंग्रजीत लिहिताना एल्फ्रिक दिवसाला नाव काय देतो? वोडनचा दिवस. दुसरा शब्दच त्याच्यापाशी नाही. विल्टशरमधला एक उद्धट माणूस बुधवारी राख लावून घ्यायला जाईना, उलट बायकोशी संग करणार म्हणाला. त्याच आठवड्यात घोड्यावरून जाताना कुत्री अंगावर आली, त्यांना हाकलण्याच्या धडपडीत त्याचाच भाला उभा राहिला आणि घोड्याने झेप घेताच त्याच्या आरपार गेला. एल्फ्रिक ही गोष्ट धाक बसावा म्हणून सांगतो. भाला हे वोडनचं शस्त्र, भाल्याने भोसकून दिलेले बळी वोडनचे, आणि ज्या वाराचा अपमान झाला तोही वोडनचाच. एल्फ्रिकच्या मनात यातलं काहीही आलं नसणार. नाव इतकं गुळगुळीत झालं होतं की त्याच्या आतला देव त्याला दिसतच नव्हता.

इतर काही देशांत असं झालं नाही. आइसलंडच्या उत्तरेला होलार इथे ११०६मध्ये योन ओग्मुंडारसन हा पहिला बिशप नेमला गेला आणि त्याने ओडिन, थोर, टीव यांची नावं दिवसांना लावायला सक्त मनाई केली. ही मनाई टिकली. आजही आइसलंडमध्ये मंगळवार म्हणजे ‘तिसरा दिवस’, बुधवार म्हणजे ‘आठवड्याचा मधला’, गुरुवार ‘पाचवा’ आणि शुक्रवार ‘उपवासाचा’. विरोधाभास असा, की ओडिन-थोरच्या कथा जगाला मिळाल्या त्या बहुतांशी याच बेटावर लिहून ठेवलेल्या हस्तलिखितांतून. जर्मन भाषेनेही दहाव्या-अकराव्या शतकापासून वोडानला बाजूला सारून ‘मिटवोख’, म्हणजे आठवड्याचा मध्य, हा शब्द धरला; थोरच्या गुरुवारला मात्र तिथेही धक्का लागला नाही. आयर्लंडमध्ये तर उपवासच वाराचं नाव होऊन बसला. ख्रिस्ती मंडळी पहिल्या शतकांपासून बुधवारी आणि शुक्रवारी उपास करत. म्हणून आयरिश भाषेत बुधवार हा ‘पहिला उपास’, शुक्रवार ‘उपास’, आणि गुरुवार ‘दोन उपासांमधला दिवस’. आपल्याकडे वार पाहून उपास धरतात, त्यांनी उपास पाहून वार धरला.

सर्वांत कडक सफाई झाली ती पोर्तुगालमध्ये. सहाव्या शतकात ब्रागा इथला बिशप मार्टिन याने खेड्यातल्या लोकांना सुधारण्यासाठी एक प्रवचन रचलं. त्यात त्याचा सवाल होता, की मार्स, मर्क्युरी, जुपिटर, व्हीनस, सॅटर्न यांनी एकही दिवस घडवला नाही, मग त्यांची नावं दिवसांना का? हे तर दुराचारी लोक होते. परिणाम असा, की फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या सख्ख्या बहिणींनी मर्क्युरीचा वार आजवर राखला, पण पोर्तुगीज भाषेत सोमवार ‘दुसरा’, मंगळवार ‘तिसरा’ आणि बुधवार ‘क्वार्ता-फेइरा’, म्हणजे ‘चौथा’. ग्रहांचा मागमूस नाही.

हीच भाषा १५१०मध्ये गोव्यात राज्यकर्त्यांची भाषा म्हणून आली आणि १९६१पर्यंत राहिली. साडेचारशे वर्षं सरकारी कागदांवर ‘क्वार्ता-फेइरा’ लिहिलं गेलं. देवळं पाडली, नावं बदलली, कोकणीच्या वापरावर बंदी घालणारे हुकूमही निघाले. पण गोव्यातला ख्रिस्ती माणूस आपल्या कोकणीत आजही वार म्हणतो ते सोमार, मंगळार, बुधवार, बिरेस्तार, सुक्रार, शेनवार आणि आयतार. बिरेस्तार म्हणजे बृहस्पतिवार. मार्टिन बिशपने आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडून जे पाच ग्रह काढून टाकले, ते पाचही गोव्यातल्या कॅथलिक घरांत सुखेनैव नांदताहेत. ‘जनेल’सारखे पोर्तुगीजांचे कितीतरी शब्द कोकणीने घेतले; वार मात्र घेतले नाहीत.

इंग्लंडात वोडनवर शेवटचा हल्ला झाला तो सतराव्या शतकात. क्वेकर पंथाच्या मंडळींनी मूर्तिपूजकांचे वार टाकून ‘पहिला दिवस’, ‘चौथा दिवस’ अशी मोजणी सुरू केली आणि ती अमेरिकेतही नेली. पंथाबाहेर ती पसरली नाही. तोवर छापखान्यांनी वोडनचा ‘ड’ स्पेलिंगात पक्का करून टाकला होता, जिभेने तो सोडून दिल्यावरही.

नावं बदलली, वादविवाद झाले, पण वारांची साखळी मात्र कुणी तोडली नाही. १७५२मध्ये इंग्लंडने जुनं ज्युलियन पंचांग सोडून ग्रेगोरियन स्वीकारलं तेव्हा अकरा तारखा गाळाव्या लागल्या. त्या वर्षी २ सप्टेंबरला बुधवार होता. लोक रात्री झोपले आणि उठले ते गुरुवारी, १४ सप्टेंबरला. तारीख बाराने पुढे गेली, वार एकानेच. कायदा ब्रिटिश राजाच्या आशियातल्या मुलखालाही लागू होता, त्यामुळे कंपनीच्या ताब्यातल्या मुंबई बेटालाही ही उडी मारावी लागली. खाडीपलीकडे, नानासाहेब पेशव्यांच्या मुलखात पंचांग आपल्या जागीच राहिलं. तरीही दोन्हीकडचा गुरुवार जुळत होता, आधीही आणि नंतरही.

वारांच्या या न तुटणाऱ्या साखळीचा फार मोठा उपयोग १८८०च्या दशकात झाला, आणि तो करणारा माणूस होता कोकणातल्या मुरुडचा शंकर बाळकृष्ण दीक्षित. पेशाने शिक्षक. पुढे १८९६मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठीतला अजोड ग्रंथ त्यांच्याच नावावर प्रसिद्ध झाला. १८८०च्या त्या दशकात गुप्त राजांचा संवत नेमका केव्हा सुरू झाला यावर विद्वानांत रणकंदन चाललं होतं. कुणाचा आकडा कुणाशी जुळत नव्हता. मध्य प्रदेशात सागरजवळ एरण इथे बुधगुप्ताच्या काळातला एक दगडी स्तंभ आहे. त्यावर गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी असं कोरलेलं, आणि पुढे वार दिलेला: सुरगुरूचा दिवस, म्हणजे गुरुवार. आपल्याकडच्या शिलालेखांत वार दिल्याची ही फार जुनी नोंद. तिथी आणि संवत यांना हवं तसं वाकवता येतं, वाराला येत नाही. एखाद्याने मांडलेला आरंभ चुकीचा असेल तर ती द्वादशी सहसा गुरुवारी पडणार नाही.

कोरीव लेखांचे अभ्यासक जॉन फेथफुल फ्लीट यांच्यासाठी दीक्षितांनी हे गणित केलं. एकेक पर्याय घेऊन तिथी काढायची आणि वार ताडून पाहायचा. संवताचा आरंभ इ.स. ३१९-३२०च्या सुमारास धरला की आषाढ शुद्ध द्वादशी येते २१ जून ४८४ रोजी, आणि तो दिवस गुरुवार निघतो. फ्लीटनी गुप्तलेखांचा आपला खंड १८८८मध्ये प्रसिद्ध केला, त्यात दीक्षितांची गणितं त्यांच्या नावानिशी छापली, आणि गुप्त संवताचा वाद बऱ्याच अंशी मिटला.